कर्मणी प्रयोगातला कचरा

पुस्तक जाड आहे. हजाराला थोडी कमी पानं. नाव 'इंटिग्रेटेड सॉलिड वेस्ट मॅनेजमेंट'. लेखक तिघे: जॉर्ज चोबानोग्लस, हिलरी थाइसन, सॅम्युएल व्हिजिल. मॅकग्रा-हिल कंपनीनं १९९३ साली अमेरिकेत छापलं. आमच्या घरात ते आलं झेरॉक्स होऊन, दोन भागांत, स्पायरल मारून. धाकटी बहीण पुण्याच्या एका कॉलेजात पर्यावरणशास्त्राची एम. एस्सी. करते. तिला घनकचरा व्यवस्थापनाचा पेपर आहे. सर म्हणाले, हे वाचा, यातलंच येतं. तिनं ते अप्पा बळवंत चौकातून आणलं आणि घरात ठेवायला जागा नाही म्हणून माझ्या कवितांच्या वह्यांवर ठेवलं. वह्या दबल्या. म्हणून मी ते उघडलं.

मी राहतो पिरंगुटच्या बाजूला, तालुका मुळशी. कामाला आहे रद्दीचा लगदा करून पुठ्ठा बनवणाऱ्या एका मिलमध्ये. गठ्ठा फोडायचा, त्यातलं प्लास्टिक, पिना, ओली घाण बाजूला काढायची, बाकीचं पल्परमध्ये लोटायचं. आठ तास, कधी बारा. शाळा दहावीला सुटली. इंग्रजी मी गठ्ठ्यातनं शिकलो, म्हणजे खरंच गठ्ठ्यातनं. लोकांच्या पोरांची जुनी पुस्तकं, गाईडं, डिक्शनऱ्या वजनावर येतात, सुपरवायझरची पाठ फिरली की एखादी शर्टात. तेव्हा या ग्रंथावर लिहायचा तुला अधिकार काय, असं कुणी विचारलं तर सर्टिफिकेट नाही. आई पंचवीस वर्षं कचरा वेचते, मी कचऱ्याचा पुठ्ठा करतो, बहीण कचऱ्यावर परीक्षा देते. एका घरात एवढा अधिकार पुरे.

आपल्या अंकांतून कवितासंग्रहांवर लिहितात, आत्मकथनांवर लिहितात. वेदना खरी की उसनी, भाषा भोगलेली की वाचलेली, हे आपण तपासतो. पण ज्या पुस्तकांतून पोरांना पदव्या मिळतात ती आपण तशीच सोडून देतो, जशी काय ती माणसांनी लिहिलेलीच नाहीत. ते चुकतंय. लिहिणारा कुठं उभा आहे, त्यानं कुणाचं नाव घेतलं आणि कुणाचं गिळलं, हे शास्त्राच्या ग्रंथालाही विचारता येतं. शास्त्राच्या ग्रंथाला तर जास्तच विचारावं. शास्त्र म्हणून आपल्या गळ्यात काय काय बांधलं गेलंय ते आपल्याला ठाऊक आहे.

आधी चांगलं आहे ते सांगतो. या पुस्तकात कचऱ्याला विटाळ नाही. पहिल्या रात्री वाचताना मला हेच नवल वाटलं. भाजीची सालं, कागद, काच, पत्रा, मेलेलं कुत्रं, सगळं एका कोष्टकात मांडीला मांडी लावून बसलंय. त्याची घनता किती, ओलावा किती, जळलं तर उष्णता किती, एवढंच. कचऱ्याचा प्रवास सहा टप्प्यांत सांगितलाय: तो तयार होतो, जागेवर वेगळा करून साठवतात, मग गोळा करतात, पुढं त्यावर प्रक्रिया, मग मोठ्या गाडीतून वाहतूक, शेवटी विल्हेवाट. डोकं लावून, मापं काढून लिहिलंय. आपल्याकडं कचऱ्याबद्दल बोलायचं झालं की नाकाला रुमाल लावतात नाहीतर गांधीबाबाचा झाडू काढतात. हे लोक तराजू काढतात. तराजू मला आवडतो.

चौथ्या रात्री कचरा गोळा करण्याचं प्रकरण आलं. तिथं एक सूत्र आहे. एका खेपेला किती वेळ लागतो ते काढायचं. उचलण्याचा वेळ, डेपोवरचा वेळ, रस्त्यावरचा वेळ यांची बेरीज करायची, आणि पुढच्या हिशेबात एक वजा डब्ल्यू येतो. हा डब्ल्यू कोण? तर कामाच्या वाटेबाहेर गेलेला वेळ. तो ०.१० पासून ०.४० पर्यंत असतो, साधारण ०.१५ धरावा म्हणतात. म्हणजे शंभर मिनिटांतली पंधरा. त्यातही दोन भाग केलेत. आवश्यक कुठला, तर हजेरी लावणं, ट्रॅफिकमध्ये अडकणं, गाडी दुरुस्तीला लागणं. अनावश्यक कुठला, तर जेवणाच्या सुट्टीपेक्षा जास्त वेळ जेवणं, परवानगी नसलेली कॉफी, मित्रांशी गप्पा.

मी पुस्तक मिटलं आणि बाहेर जाऊन बिडी ओढली. एवढ्या पानांत मला तरी कामगार हाडामांसाचा दिसला तो इथंच, आणि तो कॉफी पिताना पकडला गेलेला.

आमच्या मिलमध्ये संडासला गेलं की घड्याळ बघतात, त्यामुळं हे मला परकं नाही. भांडवलदाराचं घड्याळ कॅलिफोर्नियात आणि मुळशीत एकच वेळ दाखवतं. पण माझ्या मनात दुसरंच आलं. आईच्या दिवसाचा डब्ल्यू कसा काढायचा? ती कोथरूडच्या सोसायट्यांमधून कचरा घेते. वॉचमन गेटवर थांबवून ठेवतो, तो वेळ कशात धरायचा? एका बिल्डिंगमध्ये लिफ्ट वापरायची नाही असं सांगितलंय, मग चार मजले भरलेली बादली घेऊन उतरायला लागणारा वेळ कशात? लघवी दाबून ठेवायची कारण खाली संडास आहे पण तिच्यासाठी नाही. सुई टोचली की नळ शोधायचा, त्याचा वेळ. पिशवीत बांधून दिलेलं डायपर निघालं की हात धुवायचा वेळ, पाणी मिळालं तर. आणि मैत्रिणीशी दोन शब्द बोलते तो वेळ. पुस्तकाच्या हिशेबानं हा शेवटचाच तेवढा धरला जाईल, अनावश्यक म्हणून.

आता व्याकरणाकडं येतो, कारण माझं खरं भांडण तिथं आहे. मराठीच्या मास्तरांनी प्रयोग तीन शिकवले: कर्तरी, कर्मणी, भावे. हे पुस्तक कर्मणीत आहे. वेस्ट इज कलेक्टेड, वेस्ट इज सॉर्टेड, वेस्ट इज ट्रान्सपोर्टेड. बहिणीच्या वर्गातल्या नोट्स बघितल्या, त्याही तशाच. कचरा गोळा केला जातो, वेगळा केला जातो, वाहून नेला जातो. बारा पानं 'जातो' 'जातो' चाललंय. कुणाकडून? उत्तर नाही. शास्त्राची भाषा अशीच असते म्हणतात, त्यात मी-तू नसतं. मान्य. तिकडं गाडी उचलते, ड्रायव्हर युनियनचा असतो, त्याचा पगार कागदावर असतो, त्यामुळं वाक्यातून तो गळला तरी जगातून गळत नाही. इथं वाक्यातला कर्ता गाळला की जात गाळली. जुन्या गावगाड्यात निदान कर्त्याचं नाव स्पष्ट होतं. मेलेलं ढोर कुणी ओढायचं, पाटलाचा वाडा कुणी झाडायचा, हे चावडीवर ओरडून सांगत. त्याला ज्ञान म्हणत नव्हते, बलुतं म्हणत होते. आता त्याच कामाला ज्ञान म्हणतात, पदव्युत्तर म्हणतात, आणि नेमका आत्ताच कर्ता कुठं गेला?

कुणी म्हणेल, अमेरिकेतल्या पुस्तकाकडून ही अपेक्षा कशाला. बरोबर. म्हणून मी 'विकसनशील देशां'साठी मुद्दाम केलेलं शिक्षण कसं आहे तेही बघितलं. स्वित्झर्लंडमधल्या लोझानचं तंत्रविद्यापीठ आणि एवाग नावाची संशोधन संस्था यांनी मिळून मोबाईलवर बघता येईल असा एक अभ्यासक्रम केलाय, विषय हाच: विकसनशील देशांतला शहरी घनकचरा. फुकट बघता येतो. दुसऱ्या पाळीहून आल्यावर मी तो बघितला, कानात बोंडं घालून, कारण आई चारला उठते.

तो त्या जाड पुस्तकापेक्षा आपल्या जवळचा आहे, हे प्रामाणिकपणे सांगतो. आपला कचरा ओला आणि मुळातच दाट असतो, त्यामुळं दाबून भरणाऱ्या महागड्या परदेशी गाड्या घेऊन फार काही साधत नाही, ही साधी गोष्ट हे लोक नीट समजावतात. एका काळ्या माशीच्या अळ्यांना खरकटं खाऊ घालायचं आणि अळ्या कोंबड्यांना घालायच्या, तेही दाखवतात. ते बघून आई म्हणाली, "आपल्याकडं डुकरं करायची की हे." पैसा कुठून आणायचा यावरही ते बोलतात, नुसतं तंत्र सांगून थांबत नाहीत.

पण या सगळ्या विकसनशील साहित्यात आमच्यासाठी एक शब्द ठरलाय: 'इन्फॉर्मल सेक्टर'. अनौपचारिक क्षेत्र. या शब्दावर माझा आक्षेप आहे. चारला उठणं, साडेपाचची पहिली बस, कुठल्या गल्लीत कुणाचा हक्क हे बायकांनी आपापसात ठरवलेलं, दुसरीच्या गल्लीत हात घालायचा नाही हा नियम, मालाच्या प्रतीप्रमाणे भाव, उचल आणि ती कशी फेडायची याचा तोंडी करार. एवढा औपचारिक कारभार मी आमच्या मिलच्या ऑफिसातही बघितला नाही. अनौपचारिक काय आहे तर महापालिकेचं आमच्याशी वागणं. तो शब्द त्यांना लावा.

एक जुनं उदाहरण देतो, कारण शिकलेल्यांची चूक केवढ्याला पडते ते त्यात दिसतं. १९८७ मध्ये दिल्लीला तिमारपूर इथं डेन्मार्कच्या तंत्रानं कचरा जाळून वीज करायचा कारखाना उभा केला. रोज तीनशे टन जाळायचे ठरले. काही आठवड्यांतच तो बंद पडला. कचरा जळेचना. आपल्या कचऱ्यात निम्म्याहून जास्त खरकटं, माती, राख आणि पाणी. जळणारा कागद, पुठ्ठा, चिंधी, प्लास्टिक तर वेचणाऱ्यांनी आधीच काढून नेलेलं. कुठल्याही उकिरड्यावरच्या म्हातारीला विचारलं असतं तर तिनं चुलीचा अनुभव सांगितला असता, की बाई, ओलं सरपण धूर करतं. तिला विचारायची पद्धत अभ्यासक्रमात नव्हती.

तरी जाळण्याची हौस जात नाही. २०१६ च्या घनकचरा नियमांत असं घातलं की पुन्हा वापरात येणार नाही अशा कचऱ्याचा उष्मांक किलोला १५०० किलोकॅलरीच्या वर असेल तर तो डेपोत पुरायचा नाही, त्याची ऊर्जाच करायची. वाचायला ठीक आहे. पण पुन्हा वापरात येणार नाही हे कोण ठरवणार? कागद चांगला जळतो, प्लास्टिक त्याहून चांगलं जळतं. म्हणजे भट्टीला जे हवं तेच आईच्या पोत्याला हवं. पुस्तकातल्या उष्मांकाच्या कोष्टकात ज्या ओळी वरच्या आहेत त्या आमच्या भाकरीच्या ओळी आहेत. (त्याच नियमांत कचरावेचकांची व्याख्या आली आणि त्यांच्या संघटनांना व्यवस्थेत घ्या असंही आलं. एका हातानं ओळखपत्र, दुसऱ्या हातानं भट्टी.)

म्हणजे विद्यापीठ आणि उकिरडा यांची गाठ कधी सरळ पडतच नाही का? पडते. पुण्यातच पडली. १९९० च्या सुमाराला एस. एन. डी. टी. महिला विद्यापीठाच्या पुण्यातल्या निरंतर आणि प्रौढशिक्षण विभागातून पूर्णिमा चिकरमाने, लक्ष्मी नारायण या कचरावेचकांच्या वस्त्यांत साक्षरतेचे वर्ग घ्यायला गेल्या. शिकवायला गेल्या आणि बायकांबरोबर कचऱ्यात हिंडायला लागल्या. त्यातून कळलं की अक्षरांआधीचा प्रश्न दुसरा आहे. पेटीत हात घालून चिवडण्याऐवजी दारातून सुका कचरा वेगळा मिळाला तर कमाई वाढते, हात कापत नाहीत आणि दिवसही लहान होतो. १९९३ मध्ये डॉ. बाबा आढाव यांच्या अध्यक्षतेखाली मेळावा होऊन कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. २००१ मध्ये आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेसाठी त्याच विद्यापीठातून पुण्याच्या वेचकांचा आणि भंगार व्यापाराचा अभ्यास झाला. या बायका महापालिकेचा किती खर्च वाचवतात हे त्यात हिशेबानं मांडलं. २००८ मध्ये 'स्वच्छ' ही वेचकांची सहकारी संस्था महापालिकेशी करार करून घरोघर जायला लागली.

माझ्या मते घनकचऱ्याचं खरं पदव्युत्तर शिक्षण महाराष्ट्रात घडलं ते हेच. त्यात प्राध्यापक विद्यार्थी झाले होते. आमची आजी १९७२ च्या दुष्काळात सोलापूरकडून पुण्यात आली, दगड फोडायला गेली, पुढं कोथरूडच्या कचरा डेपोवर वेचायला लागली. ज्या डेपोवर ती वाकली तिथं आता मेट्रोचा डेपो आहे, वनाजला. तिला पहिलं ओळखपत्र पंचायतीचं मिळालं. रेशनकार्डाआधी. ती ते देव्हाऱ्यात, बाबासाहेबांच्या फोटोमागं ठेवायची. तरी एक गोष्ट टोचते ती लिहितो. हे सगळं ज्या अहवालांत आणि निबंधांत आहे ते इंग्रजीत आहे, आणि ज्या आया-बायांवर आहे त्यांच्या हातात ते पोचलेलं मी बघितलं नाही. माझ्या बहिणीच्या वर्गातही पुण्याचं हे प्रकरण अर्ध्या तासात उरकलं, 'केस स्टडी' म्हणून. पुण्यात बसून पुण्याची केस स्टडी, आणि बाकी दिवस कॅलिफोर्नियाचा डब्ल्यू.

आता घरातलं सांगतो. ते सांगितल्याशिवाय ही समीक्षा पुरी होणार नाही.

बहिणीला प्रकल्प होता: कचऱ्याची घटकवारी. तिनं जागा निवडली आमच्याच रस्त्याकडेची. मुळशीत शनिवार-रविवार गाड्यांची रांग लागते, रिसॉर्टं, लग्नाची लॉनं, धरणाचा वारा खायला आलेले लोक. हे धरण टाटांनी मुंबईच्या गिरण्यांना वीज द्यायला बांधलं, त्यासाठी इथली गावं बुडाली, १९२१ पासून सेनापती बापटांनी सत्याग्रह केला, हे शाळेत एका ओळीत येतं. शहर इथून वीज, पाणी आणि वारा घेऊन जातं आणि सोमवारी सकाळी ओढ्याच्या कडेला पत्रावळ्या, बाटल्या, थर्माकोल राहतो. २०१६ च्या नियमांत नगरपालिका आल्या, जनगणनेतली शहरं आली, यात्रेची ठिकाणंही आली. साध्या ग्रामपंचायतीचं गाव त्यात धड येत नव्हतं. शहर सरकत सरकत गावात आलं, त्याचा कचरा आधी आला आणि नियम मागं राहिला.

नमुना घ्यायची पद्धत अशी. ढीग करायचा, नीट मिसळायचा, त्याचे चार भाग करायचे, समोरासमोरचे दोन टाकून द्यायचे, उरलेले दोन परत मिसळायचे. हवं तेवढं उरेपर्यंत हेच. मग प्रकार वेगळे करून वजन. बहीण हातमोजे घालून बसली. दोन तासांत तिची चौथाई झाली नाही. आई कामावरून आली, पदर खोचला आणि बसली. अर्ध्या तासात ढीग मोकळा. बहिणीच्या फॉर्मात 'प्लास्टिक' असा एक रकाना. आईनं प्लास्टिकचे सात ढीग केले. "ही दुधाची पिशवी, हिचा भाव येगळा. ही चुरगाळली की आवाज करती, ही घेत न्हाईत. ह्ये झाकण वेगळं, बाटली वेगळी." एक तुकडा तिनं दातानं चावून बघितला आणि चौथ्या ढिगात टाकला. बहिणीनं सातही ढीग एका पोत्यात भरून एक वजन घेतलं, कारण रकाना एक होता. तिचं चूक नव्हतं. रकाना एकच होता.

उलटही घडलं, तेही लिहिलं पाहिजे. पुस्तकात ओलाव्याचं सूत्र आहे: ओलं वजन वजा कोरडं वजन, भागिले ओलं वजन, गुणिले शंभर. पावसाळ्यात भंगारवाला आईच्या पुठ्ठ्यावर तळहात ठेवतो आणि म्हणतो, चौथाई पाणी. चौथाई कापतो. आम्ही एक किलो पुठ्ठा पत्र्यावर तीन दिवस वाळवला. राहिला आठशे वीस ग्रॅम. अठरा टक्के. आई दुसऱ्या दिवशी भंगारवाल्याशी टक्क्यांत भांडली. तो हसला, पण पंचवीसचे वीस केले. तेव्हा हे पुस्तक फेकून द्या असं मी म्हणत नाही. ते आमच्या कामाचं आहे. आमच्यापर्यंत येताना ते बहिणीच्या बॅगेतून, चोरून, झेरॉक्स होऊन का येतं, एवढंच विचारतो.

मग तोंडी परीक्षा झाली. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी तिचं काम बघून विचारलं, एवढं वर्गीकरण तू एकटीनं केलंस? ती म्हणाली, "नाही सर. लेबर लावलं होतं."

हे तिनंच रात्री सांगितलं, जेवताना. आई काही बोलली नाही. ताटातला भात सारखा करत बसली. मीच भडकलो. म्हणालो, तुला आईचं नाव घ्यायची लाज वाटली. ती म्हणाली, "दादा, तू कविता लिहितोस, तुला आई लागते. मला मार्क लागतात. त्या खोलीत मी आईचं नाव घेतलं असतं तर पुढचा प्रश्न कचऱ्यावर आला नसता, माझ्यावर आला असता. आणि बाबासाहेबांनी काय सांगितलं होतं? ही कामं सोडा. मी सोडायला शिकते आहे. तू मला पोतं परत कशाला देतोस?"

मला उत्तर सुचलं नाही. रात्रभर सुचलं नाही. कारण ती खोटं बोलत नव्हती. १९२७ ला महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मेलेल्या जनावराचं मांस आणि उष्टं सोडायला सांगितलं, आणि आपल्या आज्या-पणज्यांनी उपाशी राहून ते सोडलं. आणि आज मी म्हणायचं की कचरावेचणं हे ज्ञान आहे, तिचा सन्मान करा? उद्या कुणी सनातनी याचाच फायदा घेईल. म्हणेल, बघा, यांच्या रक्तातच ते कौशल्य आहे, यांनाच करू द्या. या भीतीला पाया आहे, आणि जे कुणी 'स्वच्छतादूत' वगैरे म्हणून आपल्या माणसांच्या गळ्यात हार घालतात त्यांच्या डोळ्यांत मला हीच योजना दिसते.

तेव्हा मला अण्णाभाऊ साठे आठवले, 'स्मशानातलं सोनं'. त्यातला भीमा खाण बंद पडल्यावर चितेच्या राखेतून सोनं वेचतो. पाठ्यपुस्तक याला 'रिसोर्स रिकव्हरी' म्हणेल. अण्णाभाऊ भीमाची अक्कलही दाखवतात, हिंमतही दाखवतात आणि त्या धंद्यात त्याची बोटं कशी जातात तेही. शेवटी खाण पुन्हा सुरू होते आणि हा बोटं गमावून बसलेला असतो. अण्णाभाऊंनी राखेतल्या कामाला पवित्र केलं नाही आणि भीमाला मूर्खही केलं नाही. गिरणीत काम केलेल्या, शाळेत धड न गेलेल्या माणसानं हे केलं. आपल्या पदव्युत्तर वर्गाला हे जमत नाही. त्यांना एकतर काम दिसत नाही, नाहीतर दिसलं की ते आरती करतात.

माझं म्हणणं असं ठरलंय. पोतं टाकायचंच. आईच्या हातात बहिणीनंतर तिसरी पिढी जाता कामा नये. पण पोत्याबरोबर त्यातली अक्कलही उकिरड्यावर टाकून यायची आणि मग तीच अक्कल दुसऱ्यानं कोष्टकात घालून आपल्याला फी घेऊन शिकवायची, हा सौदा मंजूर नाही. मुंबई महापालिकेतल्या एका सफाई कामगारानं रात्री झाडू मारून दिवसा टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत एम. ए. केलं, पुढचं संशोधनही केलं. पेपरांत त्याचं कौतुक छापून येतं ते 'झाडूवाला झाला पदवीधर' या थाटात. माझा प्रश्न वेगळा आहे. त्या वर्गात झाडूबद्दल तास असेल तर फळ्याजवळ उभं कोण राहणार होतं? घनकचऱ्याच्या एम. एस्सी.ला परीक्षक म्हणून वेचणारी एक बाई बसवा. सात ढीग समोर ठेवू द्या, विचारू द्या, हे चौथ्या ढिगात का? तिला त्या दिवसाचं परीक्षकाचं मानधन द्या, बाकीच्या परीक्षकांना देता तेवढंच. आणि तिच्या पोरीला त्या खोलीत खोटं बोलावं लागलं नाही, तर मी म्हणेन अभ्यासक्रम बदलला.

बहिणीचा प्रबंध सध्या टायपिंगला आहे. आभाराच्या पानावर विभागप्रमुख, मार्गदर्शक, ग्रंथपाल, मैत्रिणी. आईचं नाव आहे, 'आई-वडिलांच्या आशीर्वादाने' असं. मी काही म्हटलं नाही. कार्यपद्धतीच्या प्रकरणात 'कचरा सात प्रकारांत वेगळा करण्यात आला' असं वाक्य आहे. एक रकाना मोडून तिनं सात केलेत, परवा रात्री बसून, आईला विचारून विचारून. सर काय म्हणतील माहीत नाही. आईनं एवढंच विचारलं, "त्यात बसचं भाडं धरलंय का?" धरलेलं नव्हतं.

पुस्तकाची झेरॉक्स माझ्याकडं आहे. पहिला भाग बहिणीला परीक्षेपर्यंत लागणार. दुसरा ज्या कुणाला पाहिजे त्यानं गुरुवारी यावं, माझी सुट्टी असते. ओलाव्याचं सूत्र पहिल्या भागात आहे, ते वहीत उतरवून ठेवलंय.